इथे कुणी कुणाशी बोलत नाही

"मुका झालाय हा माणूस, मुका!" कलावतीबाईंनी पातेलं ओट्यावर आदळलं आणि दारात उभ्या असलेल्या शालूला ऐकवलं. "चहा हवा का म्हटलं, मान हलवली. भाजी कुठली आणू म्हटलं, मान हलवली. अगं, आमच्या गावच्या नंदीबैलापुढं निदान गुबुगुबू तरी वाजवावं लागायचं. हा तर वाजवल्याशिवायच हलतो!"

खालच्या मजल्यावरची शालू विरजण मागायला आली होती आणि वाटी हातात धरून अडकली होती. "काकू, वय झालं की माणसं बोलायची कमी होतात."

"वय माझं पण झालंय. माझं तोंड बंद पडलं का?"

ठाण्यातल्या वर्तकनगरच्या त्या जुन्या बिल्डिंगीत या तोंडापुढं कुणाचं काही चालत नसे. कलावतीबाईंचा आवाज तळमजल्यापासून गच्चीपर्यंत जायचा आणि पंचेचाळीस वर्षांत तो कुणी अडवला नव्हता. दुसरी इयत्ता अर्धी टाकून पाटणच्या डोंगरातून लग्न होऊन आलेली ही बाई; वाचायची तर एकेका अक्षरावर बोट ठेवून, पण बोलायला लागली की वकिलानं कोट उतरवून ठेवावा.

आणि तिचा नवरा धोंडीबा. वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत पस्तीस वर्षं लेथवर उभा राहिलेला. तो मूळचाच कमी बोलणारा, पण पूर्वी निदान पेपर वाचून दाखवायचा, मीठ कमी पडलं तर सांगायचा. आता नुसता खिडकीत बसून राहायचा. मागच्या दिवाळीत छातीत कळ येऊन गेली, डॉक्टरांनी नळीत जाळी घातली, तेव्हापासून तर जास्तच. आणि त्याच्याही आधीपासून, वर्ष होत आलं, दर रविवारी त्याचं एक नवंच सुरू झालं होतं. सहाला आंघोळ, पांढरा शर्ट, "केंद्रात जाऊन येतो," एवढेच तीन शब्द, आणि हा निघाला माजिवड्याला. तिथं बौद्धांचं ध्यानकेंद्र होतं. अकराला परत यायचा तो जसा गेला तसाच, तोंड मिटून.

"घरात मुकं बसायचं आणि रिक्षाला पैसे देऊन तिकडं जाऊनही मुकंच बसायचं," कलावतीबाई म्हणाल्या. "आणि कुठं, तर त्यांच्यात. आपला खंडोबा काय रजेवर गेलाय? वर शनिवारी राजगिऱ्याच्या लाडवांचा पुडा आणतो. साखरेचा पेशंट! रविवारी पुडा गायब. वाटेत स्टॉपवर बसून खात असेल चोरून."

शालूनं वाटी या हातातून त्या हातात घेतली. आवाज खाली आणला. "काकू, बोलू का? आमच्या मामेसासऱ्यांचं असंच झालेलं. आधी बोलणं गेलं. मग जेवण कमी केलं. मग एक दिवस डोकं भादरून निघून गेले. साधू झाले. अजून पत्ता नाही."

कलावतीबाई हसल्या. "आमचा म्हातारा कसला साधू होतोय! त्याला चपातीवर तूप नसलं तर घास उतरत नाही."

पण शालू गेल्यावर त्या ओट्याशी तशाच उभ्या राहिल्या. घरात माणसं दोन. त्यातलं एक उठून गेलं तर मागं काय राहील, हे त्यांना त्या क्षणी नुसतं दिसलं नाही, तर ऐकू आलं. भिंतीवरचं घड्याळ, नळाचा थेंब, आणि आपलाच आवाज, कुणी ऐकायला नसलेला.

त्यांना तो कागदही आठवला. वर्षापूर्वी धोंडीबाचा शर्ट धुवायला घेताना खिशात घडी घातलेला एक कागद सापडला होता. केंद्राचं पत्रक. वर बुद्धाचं चित्र, खाली पत्ता नि वेळ, आणि मधल्या एका ओळीखाली कुणीतरी पेनानं ठसठशीत रेघ मारलेली. कलावतीबाईंनी बोट ठेवून ठेवून ती ओळ वाचली होती. इथे. कुणी. कुणाशी. बोलत. नाही. त्यांनी तेव्हा नाक मुरडलं होतं: ही काय जाहिरात करायची गोष्ट झाली!

त्या शनिवारी जेवताना त्या म्हणाल्या, "उद्या मी येणार तुमच्या केंद्रात."

धोंडीबाचा घास हातात राहिला. त्यानं तिच्याकडं पाहिलं, बऱ्याच दिवसांनी नीट पाहिलं. मग म्हणाला, "ये."

झोपताना त्यानं लाडवांचा पुडा पिशवीत ठेवला. दर शनिवारसारखा लपवून नाही, तिच्या डोळ्यांदेखत.

सकाळी कलावतीबाईंनी ठेवणीतलं जांभळं नऊवार काढलं. पिशवीत स्टीलची बाटली भरून घेतली. ही बाटली धोंडीबाला कंपनीच्या पंचविसाव्या वर्षी मिळालेली, बुडाशी पोचा आलेली. तिथलं पाणी प्यायची वेळ येऊ नये, म्हणून बाटली. हे त्या बोलल्या नाहीत, पण धोंडीबाला कळलं असावं. रिक्षात तो बाहेर बघत बसला. लाडवांची पिशवी त्यानं मांडीवर दोन्ही हातांनी धरली होती. 'कुणी पळवणार आहे का,' कलावतीबाईंनी मनाशी म्हटलं. सिग्नलला रिक्षा थांबली, तरी त्यानं पिशवी सोडली नाही.

केंद्र म्हणजे त्यांच्या मनात काहीतरी भलतंच होतं. होता तो एक साधा हॉल. मागच्या गल्लीत, जिना चढून वर. बाहेर चपलांचं लोखंडी कपाट, आत चटया, भिंतीकडेला म्हाताऱ्यांसाठी खुर्च्या. समोर बुद्धाची पांढरी मूर्ती, बाजूला बाबासाहेबांचा फोटो, दोन्हींपुढं ताजी फुलं. पुरुष डावीकडं, बायका उजवीकडं. चाळीसेक माणसं असतील, आणि चाळीस माणसांत एवढी शांतता कलावतीबाईंनी फक्त तिरडीभोवती पाहिली होती.

धोंडीबा न बोलता डावीकडं गेला. दारात एक बाई उभी होती, तिशी-पस्तिशीची, पांढऱ्या कुर्त्यात, केसांचा साधा अंबाडा. कलावतीबाईंना पाहून ती क्षणभर जागीच थिजली. मग पुढं आली आणि हलकेच म्हणाली, "आई, पहिल्यांदाच आलात ना? गुडघे दुखत असतील तर खुर्ची देते."

"गुडघे दुखतात हे माझ्या कपाळावर लिहिलंय का?"

"जिना चढताना पाहिलं," ती बाई म्हणाली, आणि तिनं खुर्ची आणली. पाय जमिनीला टेकत नव्हते, तर खाली चटईची घडी सरकवली. मग भिंतीवरच्या पाटीकडं बोट केलं. तीच ओळ. इथे कुणी कुणाशी बोलत नाही.

'बघू,' कलावतीबाईंनी मनाशी म्हटलं.

एक वयस्कर गृहस्थ पुढं येऊन बसले. सगळ्यांनी हात जोडले, न कळणाऱ्या भाषेत काही म्हटलं, आणि शेवटी चाळीस तोंडांतून एकदम तीनदा आलं: "साधु! साधु! साधु!"

कलावतीबाईंच्या काळजाचं पाणी झालं. डावीकडून धोंडीबाचाही आवाज आला होता. तो घोगरा, लेथच्या खडखडाटात चाळीस माणसांना हाक मारून मारून फाटलेला आवाज त्या हजारांत ओळखतील. घरी तीन शब्द न बोलणारा माणूस इथं तीनदा साधू म्हणत होता. त्यांनी शेजारी चटईवर बसलेल्या त्या बाईचा कुर्ता खेचला.

"झाला का? झाला का हा साधू?"

बाई आधी गोंधळली. मग तिच्या डोळ्यांत हसू आलं आणि लगेच पाणीही आलं, दोन्ही एकदम. ती कानाशी वाकली. "नाही हो आई. साधु म्हणजे 'छान झालं.' एवढंच. ते कुठंही जात नाहीयेत."

एवढं बोलून तिनं ओठांवर बोट ठेवलं.

घंटेवर टोला पडला. श्वासाकडं लक्ष द्या, म्हणाले ते गृहस्थ. येतो, जातो, बघा. डोळे मिटा.

कलावतीबाईंनी डोळे मिटले आणि लगेच उघडले. मिटल्या डोळ्यांनी बसायचं म्हणजे घरात चोर शिरल्यासारखं. एकेक काय काय येऊ लागतं. त्यापेक्षा उघडे बरे. त्यांनी डावीकडं नजर टाकली. धोंडीबाची पाठ दिसली. वाकलेली, पांढऱ्या शर्टातून हाडं दाखवणारी. त्याच्या शेजारी एक तरणा माणूस बसला होता. त्याचं डोकं थोडं खाली झुकलेलं, आणि टाळूवर दोन भोवरे.

दोन भोवरे.

ते डोकं कलावतीबाईंनी न्हाऊ घातलं होतं. त्या दोन भोवऱ्यांवर खोबरेल थापता थापता त्या म्हणायच्या, 'दोन भोवऱ्यांचा हट्टी असतो गं, हा मला रडवणार.' आता तिथले केस विरळ झाले होते.

संदेश.

सहा वर्षांपूर्वी याच पोरानं दारात एक मुलगी आणून उभी केली होती. रजिस्टर लग्न करून. बौद्धांची. कलावतीबाईंनी तिचं तोंड पाहिलं नाही, भिंतीकडं वळून उभ्या राहिल्या. मागून पोरानं "आई" म्हटलं, दोनदा म्हटलं. आणि धोंडीबा उठून "अगं, आत तरी येऊ दे," म्हणाला, तेव्हा त्यांनी तसंच भिंतीकडं बघत स्वतःच्या गळ्याला हात लावला होता. "माझ्या गळ्याची शपथ आहे तुम्हाला. त्याच्याशी नि तिच्याशी एक शब्द बोललात, ह्या घरात त्यांचं नाव काढलंत, तर माझं मेलेलं तोंड बघाल!"

बिल्डिंगभर ऐकू गेलं होतं. मग दार लागलं होतं. पोरं डोंबिवलीला राहतात, मुलगी झालीय, तिचं नाव सान्वी ठेवलंय, हे सगळं बाहेरूनच कानावर आलेलं. धोंडीबानं त्यानंतर नाव काढलं नव्हतं. कलावतीबाईंना वाटायचं, पटलं त्याला. बापालाही लाज असतेच की.

आता त्या बघत होत्या. बाप आणि लेक एकमेकांकडं पाहत नव्हते. दोघांचे डोळे मिटलेले, कडेच्या खुर्चीवरून तेवढं दिसत होतं. पण चाळीस माणसांच्या त्या हॉलमध्ये, हात हात अंतर सोडून बसलेल्या लोकांमध्ये, त्या दोघांचीच मांडी एकमेकांना टेकलेली होती. म्हाताऱ्याचा डावा गुडघा पोराच्या उजव्या गुडघ्यावर.

पत्रकातली ती रेघ कलावतीबाईंना आत्ता कळली.

शपथ मोडायची नाही. बोलायचं नाही. आणि पोराला भेटायचंय. मग सगळ्या ठाण्यात, सगळ्या मुंबईत बाप-लेकानं शेजारी बसावं अशी जागा ती कुठली? जिथं कुणीच कुणाशी बोलत नाही, तिथंच. कुणीतरी डोकं चालवून ती ओळ शोधली होती, खाली रेघ मारली होती आणि म्हाताऱ्यापर्यंत पोचवली होती.

आणि तो येत होता. छातीत जाळी घालून घेतल्यावर दुसऱ्याच रविवारीसुद्धा हट्टानं आला होता. त्यांनी केवढा आकांत केला होता तेव्हा. एक तास गुडघ्याला गुडघा लावून बसायचं आणि घरी जायचं. का? तर खरंच बोलला असता तर बायको मेली असती, असं मानणारा हा माणूस. त्यांनी तेव्हा रागात फेकलेला धोंडा त्यानं सहा वर्षं छातीवर वाहिला, त्यांनाच लागू नये म्हणून.

कलावतीबाईंच्या जिभेवर शंभर गोष्टी आल्या. इथं एकही बोलता येत नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा आलेले शब्द परत आत गिळावे लागले, आणि शब्द गिळताना एवढं दुखतं हे त्यांना माहीत नव्हतं.

तेवढ्यात संदेशला ढास लागली.

पुढची उदबत्ती त्याच्या अंगावर येत होती. धुरानं लहानपणापासून असंच व्हायचं त्याचं, आधी बारीक, मग थांबायचं नाव नाही. त्यानं तोंडावर रुमाल दाबला, खांदे उडू लागले. धोंडीबानं डोळे उघडले, पण त्याच्याजवळ पाणी नव्हतं आणि 'पाणी आणा रे' म्हणायला तोंड नव्हतं.

कलावतीबाईंचा हात पिशवीत गेला. बाटली बाहेर आली. शेजारची बाई आधीच अर्धी उठली होती. तिनं बाटली घेतली, कुणासाठी ते विचारलं नाही. सरळ पुरुषांच्या बाजूला गेली, रांगा ओलांडत, आणि संदेशजवळ वाकली. त्याला बाटली दिली. आणि दुसऱ्या हातानं त्याच्या पाठीवरून एकदा, मानेपासून खाली, हात फिरवला.

असा हात सेवेला आलेल्या बाईचा नसतो. असा हात बायकोचाच असतो.

म्हणून ती दारात थिजली होती. म्हणून 'आई'.

संदेश प्याला. ढास बसली. मग झाकण लावता लावता त्याचा अंगठा बुडाच्या पोच्यावर गेला. तो पोचा त्यानंच पाडलेला, सातवीत, जिन्यावरून बाटली गडगडवून. कलावतीबाईंनी त्यासाठी त्याला बदडला होता. तो अंगठा तिथंच थांबला. त्यानं हळूच मान वळवली.

त्यानं आईकडं पाहिलं. आईनं त्याच्याकडं पाहिलं. या वेळी मागं वळायला भिंत होती, अगदी खुर्चीला लागून होती. कलावतीबाई वळल्या नाहीत.

पोराची हनुवटी हलली. मग त्यानं डोळे मिटून घेतले, आणि मिटलेल्या डोळ्यांतून पाणी गालांवर उतरत राहिलं, त्यानं ते पुसलं नाही.

सून परत आली. बाटली दोन्ही हातांत धरून तिनं कलावतीबाईंपुढं केली. तिचा चेहरा त्यांनी आता नीट पाहिला. सावळा, थकलेला, एका गालावर वांगाचा जुना डाग. सहा वर्षं हे तोंड न बघता त्यांनी किती शिव्या घातल्या होत्या याला! बाटली घेतली. तिथलं पाणी नको म्हणून आणलेलं पाणी आता त्या पोराच्या ओठांतून आणि त्या मुलीच्या हातांतून परत आलं होतं. कलावतीबाईंनी झाकण उघडलं आणि प्याल्या.

मग त्यांनी डोळे मिटले. श्वास येत होता, जात होता. कुणी सांगायची गरज नव्हती.

टोला पडला. लोकांनी पुन्हा हात जोडले, पुन्हा तीनदा साधु म्हटलं. या वेळी कलावतीबाईंनीही हात जोडले.

बाहेर चपलांच्या कपाटाशी माणसं हळूहळू बोलती होत होती. कुणी गुडघे चोळत होतं, कुणी घोडबंदरच्या ट्रॅफिकला शिव्या देत होतं. त्या सगळ्यांत दोघंच गप्प. धोंडीबा बाकड्यावर बसला. संदेश त्याच्यापुढं उकिडवा बसला आणि बापाच्या सँडलचे पट्टे लावू लागला, कारण जाळी घातल्यापासून बापाला वाकायचं नव्हतं. हे त्याला कुणी सांगितलं असेल? वर्षभर नुसतं बघून बघून कळलं असेल. पट्टे लावून झाल्यावर धोंडीबानं पिशवीतून लाडवांचा पुडा काढला आणि त्याच्या हातात दिला. त्याच्या डोक्यावर, दोन भोवऱ्यांवर, तळवा टेकवला. सगळं इतकं सरावाचं होतं, की कुणी पाहिलं नसतं तर कुणाला कळलंही नसतं.

पण आज तळवा उचलताना धोंडीबानं बायकोकडं पाहिलं. चोरी पकडलेल्या पोरासारखं नाही. ज्यानं आपला हिशेब चोख ठेवलाय आणि आता दुसऱ्यानं काय ते ठरवायचंय, तसं. 'बघ, मी बोललो नाही,' एवढंच त्या डोळ्यांत होतं.

जिन्याच्या तोंडाशी सून उभी होती. ती पुढं आली नाही. भिंतीला चिकटून उभी होती, जणू पुन्हा कुणी दार लावेल.

गावाकडचं शेंबडं पोरही सांगेल, गळ्याची शपथ मोडता येत नाही. ज्यानं घातली त्यानंच तीनदा म्हटलं तर ती सुटते, नाही तर मरेपर्यंत नाही. कलावतीबाईंनी पदर खोचला. चार पावलं टाकली. गुडघा कुरकुरला. त्या नवऱ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या, पोराकडं न बघता, आणि बोलल्या तेव्हा आवाज बिल्डिंगभर जाणारा नव्हता. त्या बाकड्यापुरताच होता.

"बायको रागात काहीबाही बोलते, अहो. शहाणा नवरा एका कानानं ऐकतो नि दुसऱ्यानं सोडतो. तुम्ही सहा वर्षं गळ्यात बांधून हिंडलात. तुमच्यासारखा खुळा माणूस मी उभ्या जन्मात बघितला नाही, आणि तुमच्याइतका खराही नाही." त्यांनी स्वतःच्या गळ्याला हात लावला. "सुटली. सुटली. सुटली. बोला आता त्याच्याशी, तिच्याशी, पोटभर बोला. तुमची शपथ सुटली. पोरांकडं पाठ फिरवली, ते माझं माझ्याकडं राहिलंय, ते मी बघते."